बाल्कनीतला कारखाना चारचौघांना दाखवण्याजोगा कसा करावा

हौशी माणसाने हत्यार घेतलं की ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नवा रंधा घरी आला की लाकडाला लागायच्या आधी त्याचा फोटो निघतो. मीही त्यातलाच. माझा कारखाना म्हणजे मुलुंडच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची सात बाय चार फुटांची बाल्कनी. तिच्या एका कोपऱ्यात तुळस आहे आणि वर कपड्यांची दोरी, त्या दोन्हींवर माझी सत्ता चालत नाही. उरलेल्या जागेत मी स्टुलं करतो, आकाशकंदिलाचे सांगाडे करतो, गणपतीचं मखर करतो आणि इमारतीतल्या डुगडुगणाऱ्या खुर्च्या सरळ करतो.

मुंबईतल्या घरात हत्यारांचा पसारा संध्याकाळी गुंडाळावाच लागतो, कारण तिथेच कपडे वाळायचे असतात, कधी पाहुण्याची गादी पडायची असते. म्हणून मांडणी अशी हवी की दहा मिनिटांत सगळं भिंतीवर जाईल. तेवढं जमलं की ती भिंत आपोआप बघण्यासारखी होते. खाली सांगतो ती सगळी खटपट या दहा मिनिटांसाठी आहे.

आधी भिंत ओळखा

पहिलं काम मोजपट्टीचं. लांबी-रुंदी सगळेच मोजतात. त्याबरोबर दार किती उघडतं, पावसाची झड कुठवर येते आणि सॉकेट कुठे आहे हेही कागदावर काढा. शक्य असेल तर जुलैतल्या एखाद्या धो धो दिवशी बाल्कनीत उभं राहून बघा. बाहेरच्या बाजूची भिंत पावसाळ्यात घाम फुटल्यासारखी ओली होत असेल, तर हत्यारं त्या भिंतीवर नकोत. दुसरी भिंतच नसेल तर हत्यारं टांगायचा फळा भिंतीपासून निदान अर्धा इंच पुढे राहील असा लावा, म्हणजे मागून हवा खेळते. आणि बाल्कनीच्या गजांना वजन टांगू नका. खालून माणसं जात असतात.

मग भोक पाडायचं. इथे मी एकदा सपशेल आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ड्रिलमधून पडणारी भुकटी भिंतीचं पोट सांगते. सुरुवातीला पुट्टीची आणि प्लास्टरची पांढरी-करडी भुकटी येईलच, ती सोडून द्या. त्यानंतर लाल भुकटी आली तर आत वीट आहे. बीट, म्हणजे ड्रिलच्या तोंडाची भोक पाडणारी सळी, पुढे सरकेनासं झालं आणि बारीक राखाडी पीठ पडू लागलं तर काँक्रीट. त्याला फिरता फिरता ठोके देणारं हॅमर ड्रिलच हवं, साध्या ड्रिलने बीट जळतं, भोक पडत नाही. नव्या टॉवरांत बऱ्याचदा हलके ब्लॉक असतात. तिथे बीट लोण्यात शिरल्यासारखं आत जातं आणि भुकटी पांढुरकी, भुसभुशीत निघते. अशा भिंतीत नेहमीचा प्लग (स्क्रू धरून ठेवायला भोकात ठोकतात ती प्लास्टिकची नळी) स्क्रूबरोबर गोल फिरत राहतो. ब्लॉकसाठी वेगळे लांब नायलॉनचे प्लग मिळतात, तेच घ्या.

माझी भिंत विटेची, तरी मी घाईत इंचभरच भोक पाडलं आणि आखूड प्लग ठोकले. ते सगळे प्लास्टरमध्येच बसले, विटेपर्यंत एकही पोचला नाही. फळा आठवडाभर झकास दिसला. मग एका पहाटे तीनच्या सुमारास अख्खा फळा हत्यारांसकट खाली आला. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) रंध्याचं हँडल तुटलं, लाकूड कोरायची पटाशी तुळशीच्या कुंडीत रुतली, आणि पाचव्या मिनिटाला खालच्या काकू दारात. "अहो, वर काय पडलं? माणूस तर नाही ना?" माझ्या चेहऱ्यावरून त्यांना वाटलं असावं की माणूसच पडला.

तेव्हापासून नियम एकच: ८ मिमीचं बीट, भोक किमान अडीच इंच खोल आणि प्लगचं तोंड प्लास्टरच्या आत गेलेलं. बीटवर अडीच इंचांवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली की खोली बरोबर कळते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका. दडवलेली वायर बहुधा तिथूनच जाते.

फळा

१२ मिमीचं प्लायवूड पुरतं. अख्खी शीट आठ बाय चार फुटांची असते. ती लिफ्टमध्ये मावत नाही आणि लोकलमध्ये न्यायचा तर विचारही करू नका. दुकानातच मापाने कापून घ्या. कापणावळ द्यावी लागते, पण कडा तुमच्या हातकरवतीपेक्षा सरळ येतात. बाल्कनीसाठी ओल सोसणाऱ्या ग्रेडचा प्लाय मागा आणि कापलेल्या कडांना वार्निशचे दोन हात द्या. पाणी शिरतं ते कडेतूनच.

टांगायची माझी आवडती पद्धत अशी. एक पट्टी लांबीत ४५ अंशात तिरकी चिरून तिचे दोन भाग करा. एक भाग भिंतीला, तिरकी कड वर आणि भिंतीकडे उतरती. दुसरा फळ्याच्या पाठीला, उलटा. फळा वरून सोडला की एकात एक अडकून बसतो आणि वर उचलला की निघतो. भिंतीला रंग द्यायचा असो वा गळती बघायची असो, एकही स्क्रू काढावा लागत नाही. पट्टीच्या जाडीमुळे मागे हवेला जागाही मिळते.

हत्यारं लगेच ठोकून लावू नका. फळा जमिनीवर आडवा ठेवा, वर वर्तमानपत्र पसरा, हत्यारं मांडा, पेन्सिलने भोवती रेघ मारा. मग आठवडाभर त्या कागदावरूनच काम करा. माझी पहिली मांडणी फोटोत देखणी होती: उंचीप्रमाणे, वाद्यवृंद उभा केल्यासारखी. वापरताना मात्र काटकोन तपासायचा गुण्या आणि पेन्सिल दर दोन मिनिटांनी लागायची आणि ती होती सगळ्यात वर. आता डोळ्यांच्या रेषेत गुण्या, मोजपट्टी, पेचकस. त्याखाली पक्कड आणि घासायच्या कानशी. जड हातोडी आणि क्लॅम्प सगळ्यात खाली. करवतीचे दात आणि पटाशीची धार कधीही मोकळी ठेवू नका. जुन्या रबरी नळीचा उभा चिरलेला तुकडा दातांवर चढतो. फळ्याचा एक चतुर्थांश भाग रिकामा सोडा. तो भरणारच आहे, त्याची काळजी नको.

प्रत्येक हत्यारामागे त्याचा आकार गडद रंगाने रंगवला की दोन गोष्टी होतात. फळा बघणाऱ्याच्या नजरेत भरतो, आणि शेजाऱ्याने नेलेलं हत्यार परत आलेलं नाही हे लांबूनच कळतं. कारण एकदा कारखाना दाखवलात की "जरा ड्रिल द्याल का" सुरू होतं. मी एक वही ठेवली आहे. नाव, फ्लॅट नंबर, तारीख. वही पुढे केली की निम्मे लोक "नंतर बघू" म्हणतात.

हत्यारं कुठून आणावी

शंभर नगांचा पेटीबंद संच घेऊ नका. त्यातले दहा नग वापरात येतात आणि नव्वद गंजतात. सुरुवातीला मोजपट्टी, गुण्या, हातकरवत, हातोडी, दोन पेचकस, पक्कड, अर्धा इंची पटाशी, एक कानस, चार क्लॅम्प आणि ड्रिल. झालं.

नव्यासाठी मशीद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठा. एकाच गल्लीत पान्यांपासून व्हाइसपर्यंत (काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी जबडा) सगळं मिळतं आणि हातात घेऊन तोलून बघता येतं. रविवारी जाऊ नका, शटरं बघून परत याल. वायर, सॉकेट, दिवे लोहार चाळीत. सोल्डरिंगचं सामान आणि मल्टीमीटर लॅमिंग्टन रोडला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलं असलं तरी टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगा.

जुन्या हत्यारांची खरी मजा चोरबाजारात. जुन्या पोलादाची पटाशी धार धरून ठेवते, हे तिथे थोड्या पैशांत कळतं. पण व्हाइस घेताना सांभाळा. मी घेतला त्यावर हिरवा रंग नुकताच मारलेला होता. घरी आणून पॉलिश पेपर मारला तर जबड्याखाली जोड निघाला. आता मी आधी छोट्या हातोडीने टकटक करतो. धड बीड घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. मग जबडे मिटवून उजेडासमोर धरायचे. मधून सारखी फट दिसली तर चालेल, एका बाजूला पाचर दिसली तर पुढच्या दुकानात चला. आणि लक्षात ठेवा, चार इंची व्हाइस आठ-दहा किलोंचा असतो आणि परतीची गाडी संध्याकाळची असते.

वीज

बाल्कनीतलं सॉकेट बहुधा ६ अँपिअरचं असतं. ७०० वॉटचा ग्राइंडर (स्वयंपाकघरातला नव्हे, चकतीने कापायचा-घासायचा) २३० व्होल्टवर साधारण ३ अँपिअर घेतो, तो त्यावर चालतो. १४०० वॉटची गोल करवत मात्र ६ अँपिअरच्या पुढे जाते, तिला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर हत्यारांच्या आधी तो बसवून घ्या, परवानाधारक वायरमनकडूनच. एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण सोडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते. पाऊस आत येत असेल तर मशीन बंद.

ग्राइंडरला लाकूड कापायचं दात्यांचं पातं लावू नका. तो मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो आणि पातं अडकलं की उसळतो. ज्यांनी लावलंय त्यांच्यापैकी काहींची बोटं मी पाहिली आहेत.

आवाज आणि भुसा

कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. खरं सांगायचं तर ड्रिल सुरू केल्याक्षणी ५५ ओलांडलेले असतात. म्हणून कायद्यापेक्षा काकूंचं वेळापत्रक पाठ करा. दुपारी दोन ते चार आमच्याकडे हातकामच चालतं: रंधा, पॉलिश पेपर, फेविकॉल. ठोकाठोकीचा आवाज हवेतून जेवढा जातो तेवढाच स्लॅबमधूनही जातो. टेबलाच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे ठेवलेत, त्याने बराच फरक पडला.

भुसा ही आवाजाहून मोठी भानगड. एका मे महिन्यात मी कडेला उभा राहून सागाची फळी घासत होतो आणि खाली काकूंचे पोह्याचे पापड वाळत होते. पुढचं लिहीत नाही. आता कापकाम करताना बाल्कनीला जुनी चादर ओली करून बांधतो, खाली हाक मारून विचारतो, आणि काम झाल्यावर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा चिकटवून दाबलेली फळी, घरात घासू नका. त्याची धूळ फार बारीक असते आणि त्यात चिकटवणाऱ्या रसायनाचा अंशही असतो. ते काम दुकानातच करून घ्यावं. बाकी लाकडालाही एन-९५ मास्क हवाच.

गंज

जून ते सप्टेंबर मुंबईत लोखंड उघडं ठेवलं तर चार दिवसांत तांबूस होतं. हाताचा घामही पुरतो, बोटांचे ठसे गंजून उमटतात. काम झालं की पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं. धारेची हत्यारं पावसाळाभर झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. रंग बदलणारं मिळालं तर उत्तम. निळ्याचं गुलाबी झालं की मंद आचेवर तव्यावर परतून सुकवायचं, तवा वेगळा. गंज चढलाच तर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी ब्रशने घासा, सोड्याच्या पाण्यातून काढा आणि लगेच सुकवून तेल लावा. "लगेच"वर जोर आहे. चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा पिवळट झालेली पटाशी मी पाहिली आहे.

आता फोटो

सकाळचा उजेड, फ्लॅश बंद. फळ्याच्या बरोबर समोर, मध्यावर उभे राहा. मोबाइलची रुंद लेन्स वापरली तर कडेच्या करवती केळ्यासारख्या वाकतात. जागाच नसेल तर घरात शिरून दारातून काढा, मी तेच करतो. एक फोटो आवरलेल्या फळ्याचा आणि एक ऐन कामातला, भुशासकट. जाणकार दुसराच झूम करून बघतात. तिसरा तुम्ही केलेल्या वस्तूचा, आणि तिच्यातली चूक लपवू नका. माझ्या पहिल्या स्टुलाचा एक पाय दोन मिमी आखूड आहे, सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. फ्लॅटचा नंबर, खिडकीबाहेरची पाटी, हुकावरच्या घराच्या किल्ल्या चौकटीत येत नाहीत ना, ते तपासा.

प्रत्यक्ष दाखवायचा दिवस विचाराल तर खंडेनवमी किंवा दसरा. तोवर पाऊस ओसरत आलेला असतो. आदल्या दिवशी फळा उतरवून सगळी हत्यारं पाटावर मांडायची, पुसून, धार लावून. हळदकुंकू, झेंडू, नैवेद्य. घरी येणारा प्रत्येक जण आधी हत्यारांकडे येतो. मुलांच्या हाती रंधा द्या, पातं अगदी कमी बाहेर काढून, आणि देवदाराच्या मऊ फळीवर एक लांब काप काढू द्या. आमच्या मजल्यावरच्या मुलीने गेल्या वर्षी तो काप गुंडाळून शाळेच्या दप्तरात घालून नेला. संध्याकाळी मात्र आठवणीने पात्यांवरची फुलं काढा आणि कुंकू सुक्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्या. झेंडूचा देठ रात्रभर पटाशीवर राहिला तर त्याचा डाग पुढच्या दसऱ्यापर्यंत घासत बसावा लागतो.