अंगझडतीत सुई टोचली तर? पोलिसांनो, या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी सवय म्हणजे अंगझडतीत थेट खिशात हात घालणं. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्याच्या खिशात उघडी सुई असू शकते आणि रबरी हातमोजे ती अडवत नाहीत. ते फक्त रक्तापासून वाचवतात. आधी विचारा, "सुई, ब्लेड काही आहे का?" मग बाहेरून हलकेच चाचपा, खिसा चिमटीत धरून उलटा करा. पिशवी असेल तर टेबलावर पालथी करा. मुद्देमालात घेतलेल्या सुईला टोपण परत लावू नका. कितीतरी जणांना नेमकं तेव्हाच टोचतं. ती टाकायला जाड प्लास्टिकचा डबा जवळ असू द्या.

टोचलीच, तर जखम दाबून रक्त काढणं, बोट तोंडात घालणं, स्पिरिट ओतणं हे प्रकार नकोत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा. रक्त डोळ्यात उडालं तर नुसत्या पाण्यानं.

आणि "ड्युटी संपली की जाऊ" असं तर अजिबात नको. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हव्यात. 72 तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. कोर्स 28 दिवसांचा, मळमळलं म्हणून मध्येच सोडायचा नाही. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन 'पेप', म्हणजे याच गोळ्यांचा कोर्स, हवं म्हणून सांगा. वेळेसकट स्टेशन डायरीत नोंद करून घ्या. दुसऱ्या दिवशीची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून सुटलात असं नाही. ती फक्त आधीची स्थिती सांगते. डॉक्टर देतील त्या तारखांना पुन्हा तपासा.

भीती मात्र बहुतेकांना चुकीच्या आजाराची असते. बाधित रक्ताच्या सुईनं एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. लस न घेतलेल्याला हेपटायटिस बी हा यकृताचा आजार होण्याची शक्यता शंभरात 6 ते 30! हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो, म्हणून रक्त लागलेल्या बेड्या पुसून तशाच अडकवू नका, निर्जंतुक करा. लसीचे तीन डोस: आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. तिसरा बंदोबस्तात राहून जातो, तो घ्याच.

कोठडीत कुणी आठवडेच्या आठवडे खोकत असेल तर त्याचं ताट वेगळं ठेवून भागत नाही. टीबी हवेतून पसरतो. त्याला मास्क द्या, गाडीच्या काचा उघडा, थुंकी तपासायला पाठवा. एचआयव्हीबाधित आरोपीला हात लावायला मात्र कचरू नका. स्पर्शानं किंवा अंगावर थुंकल्यानं एचआयव्ही पसरत नाही.