सर्रा: इंजेक्शनआधी रक्त काढा

पावसानं उघडीप दिली, कृष्णाकाठच्या गवताला ऊन लागलं की पलूस-भिलवडीकडून मला फोन सुरू होतात. तक्रार ठरलेली असते. "आण्णा, म्हैस चार दिवस वैरण खाईना. मधे एक दिवस बरी दिसली, परत अंग तापलं. दोन इंजेक्शनं झाली, फरक नाही." पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त झालोय, पण माझा पहिला प्रश्न तोच आहे. रक्त तपासलं का? समोरचा जरा गप्प होतो आणि म्हणतो, "रक्त कशाला, तापच आहे की."

ताप आहे खरा, पण तो कशाचा हे बाहेरून ओळखता येत नाही. तिवा असेल तर विषाणूचा ताप. जनावर लंगडतं आणि साधारण तीन दिवसांत सावरतं. गोचीड तापात खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागते. लघवी लाल झाली तर बबेसिया या रक्तातल्या परजीवीचा संशय घ्यायचा. सर्रा, म्हणजे चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा आजार, मात्र लपून बसतो. गाई-म्हशींत तो महिनोन्‌महिने अंगात राहतो आणि बाहेरून फारसं काही दिसत नाही. दूध हळूहळू उतरतं, जनावर खंगतं, डोळ्याची आतली कड पांढुरकी पडते. मग वेत होतं, किंवा पुराच्या वेळी म्हसरं टेम्पोत घालून दुसऱ्या गावी न्यावी लागतात, आणि त्या ताणानं आजार उफाळतो. गाभण म्हैस गाभडण्यामागेही कधीकधी हाच असतो.

सर्रा होतो ट्रिपॅनोसोमा इव्हॅन्सी नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे. 1880 साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानं डेरा इस्माइल खान (आता पाकिस्तानात) इथं घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला, म्हणून नावात इव्हॅन्सी. घोडा आणि उंट यांना तो सगळ्यात वाईट लागतो. घोड्याच्या पायांवर, पोटाखाली सूज येते, आणि उपचार झाले नाहीत तर घोडा बहुधा जातोच. शर्यतीसाठी किंवा वरातीसाठी घोडी पाळणाऱ्यांनी हे विसरू नये.

तो पसरवते गोमाशी, म्हणजे टॅबॅनस. दुपारच्या उन्हात म्हशीच्या पोटावर बसलेली ही मोठी माशी एकदा नीट बघा. तिचं तोंड कातडी कापतं, आणि ती उडाली की त्या जागेवरून रक्ताचा थेंब ओघळतो. रक्त पिते ती फक्त मादी. नर फुलांच्या रसावर जगतो. चावा इतका दुखतो की म्हैस शेपटी मारते, कातडी थरथरवते. माशीचं पोट अर्धंच भरलेलं असतं, म्हणून ती उडून शेजारच्या जनावरावर बसते. तोंडाला लागलेल्या ओल्या रक्तातून परजीवी तिकडे जातो. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू वाढतो, तसं इथं काही होत नाही. नुसती तोंडातोंडी ने-आण, तीही थोडा वेळच, रक्त वाळेपर्यंत. तबेल्यातली लहान चावरी माशी, स्टोमॉक्सिस, हीसुद्धा हेच करते. ती जास्त करून पायांना चावते, आणि तिच्यात नर-मादी दोघंही रक्त पितात.

तिसरी वाहक असते आपल्याच हातातली सुई. गोठ्यात येणारा माणूस एका सुईनं दहा जनावरं टोचत असेल तर गोमाशीचं काम तोच करतोय. प्रत्येक जनावराला नवी सुई मागा. दोन-चार रुपयांच्या सुईसाठी भीड कसली?

आता रक्त कसं आणि कधी घ्यायचं ते सांगतो, कारण चूक इथंच होते. हा परजीवी आपलं बाहेरचं आवरण बदलत राहतो. जनावराचं शरीर एका आवरणाला ओळखून मारायला लागतं, तोवर दुसऱ्या आवरणाचे वाढतात. म्हणून ताप लाटेसारखा येतो-जातो, आणि रक्तात ते सापडतात ताप चढलेला असताना. गाई-म्हशींचं तापमान साधारण 101 ते 102 फॅरनहाइट असतं. थर्मामीटर गुदद्वारात तिरका, आतल्या भिंतीला टेकवून धरा, शेणात खुपसलात तर आकडा चुकतो. 104 च्या पुढं दिसलं की लगेच डॉक्टरांना कळवा, आणि रक्त घेण्याआधी तापाचं कोणतंही इंजेक्शन देऊ नका. ताप उतरल्यावर घेतलेल्या नमुन्यात काही दिसलं नाही, तरी सर्रा नाही असं म्हणता येत नाही. पुढच्या तापाला परत घ्यायचा.

डॉक्टर कानाच्या कडेच्या शिरेला टोचून थेंब काचपट्टीवर घेतात, वर पातळ काच ठेवतात आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. आधी फक्त तांबड्या पेशी दिसतात. मग एका कोपऱ्यातल्या पेशी हलायला लागतात, जत्रेच्या गर्दीत कुणी खांदे मारत वाट काढावी तशा. नजर स्थिर केली की मधून वळवळत जाणारा बारीक, शेपटीवाला जीव दिसतो. मी शेतकऱ्यालाही डोळा लावायला सांगायचो. एकदा ते बघितलं की तो पुन्हा कधी "रक्त कशाला" म्हणत नाही. ही सोय जवळ नसेल तर जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेऊन, नळी थंड ठेवून, त्याच दिवशी तपासणीला पोचवा. सोबत जिमसा रंग (परजीवी उठून दिसावा म्हणून देतात तो) द्यायला एक पातळ पसरवलेली, वाळलेली काचपट्टी पाठवली तर उत्तम. सातारकरांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. डॉक्टरच मिळेना झाले तर 1962 वर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे.

एका प्रकारात मात्र थांबायला वेळ नसतो. म्हैस एकाएकी गोल गोल फिरते, भिंतीला किंवा गव्हाणीला डोकं दाबून उभी राहते, दात खाते, समोरचं दिसत नसल्यासारखी आपटते. परजीवी रक्तातली साखर खातात, मेंदूवर परिणाम होतो, आणि काही तासांत जनावर जाऊ शकतं. डॉक्टर अशा वेळी शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, देतात आणि सर्ऱ्याचं औषधही लगेच सुरू करतात. फक्त एक ध्यानात असू द्या. अशी लक्षणं पिसाळलेल्या जनावरातही दिसतात. लाळ गळत असेल तर घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालू नका.

उपचाराचं मुख्य औषध क्विनापायरामीन, सल्फेट आणि क्लोराइड एकत्र असलेलं, कातडीखाली देतात. ते बरं करतं आणि पुढं काही आठवडे ते महिने संरक्षणही देतं, म्हणून माश्यांच्या दिवसांत त्याला पसंती. डिमिनाझिन किंवा आयसोमेटामिडियम कधी वापरायचं ते डॉक्टर ठरवतील. सर्ऱ्यावर लस नाही. प्रतिजैविकांचा या परजीवीवर उपयोग नाही, तरी पहिली बाटली तीच फुटते, याचं मला आजही नवल वाटतं.

डोस वजनावर असतो, आणि वजन अंदाजानं धरलं की तो कमी पडतो. कमी डोसानं थोडे परजीवी उरतात, आजार उलटतो, आणि औषधाला न जुमानणारे तयार होतात. टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे किलो. घेर 75, लांबी 60 असेल तर 511 किलो येतं. अशाच म्हशीला लोक डोळ्यानं बघून "असंल साडेतीनशे" म्हणतात.

इंजेक्शननंतर तासभर जनावराजवळच राहा. लाळ गळणं, थरथर, अस्वस्थपणा येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनाही लगेच सोडू नका. टोचल्या जागी गाठ येते ती बहुतेक ओसरते. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही ते विचारून घ्या. मग सावली, स्वच्छ पाणी, हिरवी वैरण, आणि रक्तवाढीसाठी डॉक्टर देतील ते.

माश्यांचं सांगायचं तर गोमाशी अंडी घालते पाण्यावर, चिखलावर झुकलेल्या पानांवर. ओढ्याकाठ आणि पाटाकाठ आपण काही साफ करू शकत नाही. पण ती उन्हातली माशी आहे, अंधाऱ्या गोठ्यात फारशी शिरत नाही. म्हणून त्या दिवसांत चरायला सकाळी लवकर आणि संध्याकाळी न्या, दुपारी गोठ्यात ठेवा. म्हशी डोहात बसत असतील तर बसू द्या, तेवढं अंग झाकलेलं राहतं. स्टोमॉक्सिस वाढते ओल्या कडब्यात आणि शेण मिसळलेल्या चाऱ्यात, तो मात्र आपल्या हातातला भाग. गव्हाणीखालची सांडलेली वैरण रोज काढा, उकिरडा गोठ्यापासून लांब करा. डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी करायची तर बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाणी घालून, वैरण-पाणी झाकून.

"आम्हाला होतो का?" असंही विचारतात. माणसाच्या रक्तातच याला मारणारा घटक असतो. आपल्याच राज्यात, चंद्रपूर जिल्ह्यात, 2004 मध्ये एका शेतकऱ्याला हा झाला होता. त्याच्या रक्तात तो घटक नव्हता, इतकी ती दुर्मीळ गोष्ट. तरी आजारी जनावराचं रक्त हाताच्या जखमेला लागू देऊ नका.

आणि बाजारातून जनावर आणलंत, तर थेट दावणीला बांधू नका. चार-पाच आठवडे लांब वेगळं ठेवा, ताप बघत राहा, आणि एकदा रक्त तपासून घ्या. विकणारा "एकदम निरोगी" म्हणाला तरीही.