छोट्या बेटावर रोज चालावं कसं, आणि त्यातून लिहावं कसं

मी मूळची बडोद्याच्या दांडिया बाजारातली. नवऱ्याची बदली दीव बेटावर झाली तेव्हा दोन वर्षं तिथे काढली. अख्खा दीव जिल्हा सुमारे ४० चौरस किलोमीटरचा, त्यातलं घोघला तर खाडीपलीकडे. बेटाच्या पूर्व टोकाला १५३५ साली पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, पश्चिम टोकाला वणाकबारा हे मासेमारीचं गाव. महिन्याभरात सगळ्या वाटा तोंडपाठ झाल्या आणि मला लिहायला काही सुचेना. पुढे ज्या रीतीने सुचायला लागलं, ती इथे देते आहे. बडोद्यात परतल्यावरही मी तीच पाळते.

पहिलं काम: एक वाट ठरवा आणि ती बदलू नका

नव्या वाटांच्या मागे लागलात की छोटं बेट लवकर संपतं. एकच वाट घ्या, जाऊन येऊन तासा-दीड तासाची. माझी होती गावातून फुदमच्या गंगेश्वरापर्यंतची. तिथे कपारीत पाच शिवलिंगं आहेत आणि भरतीच्या लाटा थेट त्यांच्यावर येतात. वाटेत ठरलेल्या पाच-सहा जागी थांबायचंच: एखादी विहीर, एखादं दार, एखादं झाड. आठवडाभर या जागा बदलू नका, नाहीतर आज काय बदललंय ते कळणार नाही.

दुसरं: घड्याळ भरतीला बांधा

या रीतीचा प्राण इथे आहे. आपण रोज सहा वाजता चालायला निघतो आणि सहाचंच जग बघतो. समुद्र तसं करत नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. दीवचा किनारा वेगळा, त्यामुळे नेमकी वेळ तिथल्या खारव्यांनाच, म्हणजे दर्यावर्दी मच्छीमारांनाच विचारावी. पण रोज पुढे सरकण्याचा हिशोब तोच.

तर आज सहाला निघालात, उद्या सहा पन्नासला निघा, परवा सात चाळीसला. पंधरा दिवसांत तुम्ही संध्याकाळपर्यंत पोचता आणि एकच वाट दिवसाच्या प्रत्येक उजेडात बघून होते. नोकरी असेल तर जमेल तेवढ्या वेळा घ्या, पण सरकत राहा. भर दुपारची फेरी उन्हाळ्यात मात्र सोडून द्या. दीवच्या खडकांवर ऊन चटका देतं आणि सावली फारशी नाही.

गंगेश्वराला मी ओहोटीच्या वेळी गेले की पाचही लिंगं कोरडी, वर बेलाची पानं, कुणीतरी वाहिलेलं जास्वंद. भरतीला गेले की लाट येऊन सगळं पुसून जायची. एकदा तेच जास्वंद लाटेबरोबर बाहेर गेलं, पुढच्या लाटेने परत आलं आणि दुसऱ्याच लिंगाशी अडकलं. हे बघायला मी चौदा वेळा त्या पायऱ्या उतरले होते.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खडकांपासून लांब उभं राहा. शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवू नका.

तिसरं: रोज एकच प्रश्न घेऊन निघा

डोळे उघडे ठेवा, असं सांगून काही होत नाही. प्रश्न लहान हवा. आज फक्त आवाज. उद्या फक्त निळा रंग. परवा, इथे माणसांनी काय दुरुस्त केलंय? या शेवटच्या प्रश्नाने मला वणाकबाऱ्याला होड्यांच्या फळ्या आणि जाळ्यांच्या गाठी दाखवल्या. नागवा नावाच्या किनाऱ्याकडे गेलात तर होका ताडाच्या फांद्या मोजा. आपला ताड सरळसोट जातो, हा मात्र मधूनच दुभंगतो, मग पुन्हा दुभंगतो. एका झाडापुढे पंधरा मिनिटं उभं राहून ती चढण कागदावर काढली, तेव्हा मला झाड कळलं.

चौथं: कधीकधी उलटे फिरा

प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला. बडोद्याच्या मराठी घरांतून चैत्रात कुणी ना कुणी तिलकवाडा-रामपुऱ्याच्या उत्तरवाहिनी परिक्रमेला जातंच, त्यातही नर्मदामाई उजव्या हाताला ठेवतात. बेटावर प्रदक्षिणेच्या दिशेने गेलात की जमीन उजवीकडे, समुद्र डावीकडे. आठवड्यातून एकदा उलटे जा. दारं, ओटे, कुंपणं तीच, पण पाठमोरी दिसणारी सगळी आता समोरून येतात.

पाचवं: लोकांना उत्तर द्या

छोट्या जागी तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं की ही बाई रोज वही घेऊन फिरते. "क्यां चाल्यां, बेन?" (कुठे निघालात, ताई?) याला खरं उत्तर द्यावं: चालते, बघते, लिहिते. लपवलंत तर संशय येतो. सांगितलंत तर लोक स्वतःहून दाखवायला लागतात. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय कधीच घेऊ नका.

सहावं: उभ्या उभ्या चार ओळी

घरी जाऊन लिहीन म्हटलं की निम्मं वाटेतच विरतं. थांब्यावरच टिपा, शिसपेन्सिलीने. पहिल्या पावसात माझी शाईची वही भिजली आणि महिन्याचं काम निळ्या डागांत गेलं. वाक्यं नकोत, नामं आणि क्रियापदं पुरेत. पंधरा दिवस झाले की त्या टिपणांतून एकाच थांब्याची टिपणं वेगळी काढा आणि एकाखाली एक लिहा. कविता, लेख, चित्रमालिका जे व्हायचं ते त्या यादीतून उगवतं.

बेट नसेल तर

बडोद्यात माझं बेट म्हणजे जुनं शहर: मध्ये मांडवी, चार बाजूंना लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट हे चार दरवाजे. दरवाजाबाहेर जायचं नाही, एवढा नियम. पन्नास मिनिटांची सरक इथेही चालते. सकाळी बंद शटर आणि झाडूचा आवाज, संध्याकाळी मंगळबाजारात गर्दीची खरोखर भरती. दरवाजाबाहेर एवढीच सूट: सूरसागर तलावाची फेरीही घ्या. तलावामधला शंकराचा पुतळा चालता चालता कधी समोरून दिसतो, कधी खांद्यावरून, कधी पाठीवरून. विश्वामित्री नदीच्या काठी मात्र पावसाळ्यात जाऊ नका, मगरी वर येतात.

सध्या माझा थांबा एका पोळीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीतल्या, लाकडी दाराशी आहे. काल सव्वापाचला त्याच्या कडीला कुणीतरी आंब्याच्या पानांचं तोरण अर्धंच बांधून ठेवलं होतं. आज सहा वाजून पाच मिनिटांनी जायचं आहे.