कुत्र्याचा क्लोजअप काढताना या चुका टाळा

आमच्या चिंगीचे पहिल्या वर्षातले फोटो पाहिले की ही कुत्री आहे का मुंगूस, असा प्रश्न पडतो. नाक बटाट्याएवढं आणि कान पार मागे गायब. दोष तिचा नव्हता. क्लोजअप म्हणजे जवळ जायचं, असं मी धरून चाललो होतो.

फोन नाकाला लावू नका

हिशोब सोपा आहे. फोन वीतभर अंतरावर धरला की लांब तोंडाच्या कुत्र्याचं नाक लेन्सपासून एक वीत आणि डोळे दीड वीत असतात. मग नाक दीडपट फुगणारच. तुम्ही पाच-सहा फूट मागे सरकलात की नाक-डोळ्यांतलं तेच अंतर नगण्य होतं. मागे जा आणि २ किंवा ३ पट झूम करून फ्रेम भरा. चपट्या तोंडाचे पग पाळणाऱ्यांची यातून जवळजवळ सुटका आहे, पण लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड आणि आपल्या गावठी कुत्र्यांच्या बाबतीत हे पहिल्याच फोटोत कळतं.

आयफोन १३ प्रोपासूनच्या प्रो मॉडेल्समध्ये आणखी एक भानगड आहे. फार जवळ गेलात की फोन आपणहून खूप रुंद दृश्य पकडणाऱ्या अल्ट्रा-वाइड लेन्सवर जातो आणि स्क्रीनवर छोटं फूल दिसतं. त्या फुलावर टॅप करून मॅक्रो, म्हणजे हा अगदी जवळून टिपायचा मोड, बंद करता येतो. पण मागे सरकलात तर ती वेळच येत नाही.

नाक धारदार, डोळे धूसर

फोकस सगळ्यात पुढच्या वस्तूवर जाऊन बसतो आणि इथे पुढे असतं ते ओलं, चकाकणारं नाक. फोनवर जवळच्या डोळ्यावर टॅप करा. कॅमेरा असेल तर प्राण्यांचे डोळे ओळखणारा फोकस त्यात आहे का, ते मेनूत शोधा.

कॅमेरावाल्यांची लाडकी चूक म्हणजे ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडणं. मागचं सगळं पुसट हवं ना! फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ एमएम लेन्स, एफ/१.८ (हा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं) आणि एक मीटर अंतर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दीड सेंटिमीटरचा असतो. एफ/५.६ वर तो साडेचारच्या आसपास जातो. तोंड तीन चतुर्थांश वळलेलं असताना निदान दोन्ही डोळे त्यात मावतात. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नेऊ नका, कारण बसलेलं कुत्रंसुद्धा स्थिर नसतं.

काळा कुत्रा, पांढरा कुत्रा

चिंगी काळीभोर आहे. गॅलरीत उन्हाकडे पाठ करून बसवली की डोळे कुठे आहेत तेच कळत नाही. घरात अगदी जवळून काढला तर उलटं होतं. फ्रेमभर काळा रंग पाहून कॅमेरा फोटो उजळतो आणि कुत्री राखेत लोळल्यासारखी दिसते. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं खाली ओढायचं. पांढऱ्या कुत्र्यासाठी वर.

फ्लॅश मात्र विसराच. कुत्र्याच्या डोळ्यांत आतल्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळ्यांच्या जागी हिरवे-पिवळे दिवे लागतात. त्यापेक्षा कुत्र्याचं तोंड खिडकीकडे करा आणि तुम्ही खिडकीच्या बाजूला जमिनीवर बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय काडीसारखे येतात.

हाका मारून मारून

घरातले चौघे चार बाजूंनी “चिंगीऽऽ” करत असले की ती चौघांकडेही बघत नाही. वेगळा आवाज दोन-तीनदाच चालतो, म्हणून सगळं जुळेपर्यंत तो राखून ठेवा. बिस्कीट नाकासमोर नाचवलं की लाळ आणि बाहेर लोंबणारी जीभ यांचाच फोटो मिळतो.

कुत्रं जांभई देतंय, ओठ चाटतंय, मान वळवतंय, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतंय? ते वैतागलंय. लेन्स खाली ठेवा. अनोळखी कुत्र्याच्या तोंडाजवळ तर फोन नेऊच नका.

फोटोआधी ओल्या कापसाने चिपडं पुसा. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड लावला असेल तर मिशा आणि कानाच्या कडा झूम करून तपासा. फोन त्या बेधडक कापतो.

आमच्या भिंतीवर आहे तो फोटो संध्याकाळी फिरून आल्यावरचा. चिंगी दमून उंबरठ्यावर बसली होती, तोंड उघड्या दाराकडे. मी बाहेर पॅसेजमध्ये एक बूट काढून बसलो आणि गुडघ्यावर फोन टेकवून ३ पट झूमवर टिपली. उजवा कान दुमडलेलाच राहिलाय. तो सरळ करायला जवळ गेलो असतो तर ती उठून पाणी प्यायला गेली असती.