मटकीला मोड आले, पण चिकट झाली?

मुंबईत मटकीला मोड आणायला ऊब शोधावी लागत नाही. इथे त्रास होतो तो ओलीचा. पावसाळ्यात तर रात्री बांधलेली पुरचुंडी सकाळी उघडली की आंबूस वास येतो आणि दाणे बोटांना चिकटतात. बहुतेक वेळा कारण एकच, पाणी नीट निथळलेलं नसतं.

मटकी किंवा मूग निवडून, दोन-तीनदा धुऊन ८ तास भिजवा. भिजवलेलं पाणी टाकून द्या, पुन्हा धुवा आणि चाळणीत निदान अर्धा तास निथळू द्या. ही अर्ध्या तासाची घाई करू नका, सगळं त्यावरच आहे. मग धुतलेल्या सुती पंचात सैलसर बांधा. घट्ट गाठ मारली तर आत हवा खेळत नाही. पुरचुंडी डब्यात कोंडण्यापेक्षा चाळणीतच ठेवा, खाली ताटली. उकाड्यात १२ तासांत मोड दिसतात. लांब हवे असतील तर सकाळ-संध्याकाळ धुऊन परत निथळा.

वाल जाड सालीचे, त्यांना जास्त वेळ लागतो. बिरड्यासाठी मोड आल्यावर कोमट पाण्यात टाका, सालं पटकन सुटतात.

तयार मोड कोरडे करून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. ज्या उबेत मोड येतात तिच्यातच जंतूही वाढतात, म्हणून लहान मुलं, गरोदर बाई आणि वयस्कर माणसांना कच्चे देऊ नका, नीट शिजवूनच द्या. वास आला किंवा बुळबुळीत लागले तर धुऊन वाचवायला जाऊ नका, टाकून द्या.