ख्रिस्ती विद्यापीठात फॉरेन्सिक शिकताना

फॉरेन्सिक सायन्स म्हणजे आधी केमिस्ट्री, मग बाकी सगळं. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रम हातात घेऊन पाहा: सेंद्रिय आणि विश्लेषणात्मक रसायनशास्त्र, जैवरसायन, जनुकशास्त्र, संख्याशास्त्र प्रात्यक्षिकांसह आहेत का? गुन्हेगारी मानसशास्त्राचेच पेपर भरपूर असतील, तर प्रयोगशाळेतल्या कामासाठी ती पदवी अपुरी पडते.

अनेक ख्रिस्ती विद्यापीठांत बायबलचे सक्तीचे पेपर, चॅपलची (प्रार्थनासभेची) हजेरी आणि आचारसंहितेवर सही असते. सक्तीच्या पेपरांचे क्रेडिट पहिल्याच सत्रात मोजून ठेवा, नाहीतर शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिकं आणि इंटर्नशिप एकमेकांवर येतात. चॅपलची वेळ प्रात्यक्षिकाच्या मध्येच येत नाही ना, हेही विचारा, कारण सुरू केलेली चाचणी अर्ध्यावर टाकता येत नाही. उत्क्रांती आणि लोकसमूहांचं जनुकशास्त्र पूर्ण शिकवतात का, हे तर नक्कीच विचारा. डीएनए जुळल्यावर अहवालात येणारा आकडा (हे जुळणं निव्वळ योगायोग असण्याची शक्यता किती) त्याच गणितावर उभा असतो.

पहिल्या वर्षी हमखास चुकते ती रक्ताची कॅस्टल-मेयर चाचणी. डाग ओलसर स्वॅबवर घ्यायचा, एक थेंब इथेनॉल, एक थेंब क्षपित (रंगहीन केलेल्या) फिनॉल्फ्थेलिनचं द्रावण, मग क्षणभर थांबून एक थेंब ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. काही सेकंदांत गुलाबी रंग आला तर चाचणी सकारात्मक. घाईत पेरॉक्साइड आधीच पडलं, तर रंग नेमका कशामुळे आला ते सांगताच येत नाही. पेरॉक्साइडच्या आधीच गुलाबी झालं तर डागात दुसरा ऑक्सिडीकारक आहे. तो निकाल धरायचा नाही. उशिरा पाहिलं तर हवेमुळे कोरा स्वॅबही गुलाबी होतो. म्हणून ज्ञात रक्ताचा आणि कोरा, असे दोन स्वॅब सोबत लागतातच. काही वनस्पतींतल्या पेरॉक्सिडेज या विकरामुळेही (एन्झाइममुळेही) रंग येतो, आणि रक्त माणसाचं की जनावराचं हे ही चाचणी सांगत नाही. वहीत ‘रक्त आहे’ लिहू नका; ‘रक्त असण्याची शक्यता, पुष्टी बाकी’ लिहा. खाडाखोड नको, व्हाइटनर तर नाहीच: एक आडवी रेघ, आद्याक्षरं, तारीख.

रक्ताळलेलं कापड आधी सावलीत वाळवायचं, मग कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए नासतो. जळिताचे अवशेष मात्र हवाबंद डब्यातच, कारण पेट्रोलची वाफ कागदातून निघून जाते. डबा काठोकाठ भरू नका. वरच्या मोकळ्या जागेतली वाफच पुढे तपासतात.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस, ही दहा आज्ञांपैकी एक चॅपलमध्ये कानावर पडेल. साक्षीच्या पिंजऱ्यातल्या तज्ज्ञाला ती शब्दशः लागू आहे. सरावाच्या उलटतपासणीत वकील ‘म्हणजे हे रक्तच ना?’ असं दहा वेळा विचारेल. दहाही वेळा उत्तर वहीतलंच द्यायचं.