उंचावरच्या गावासाठी पीसीचे फॅन कसे निवडावेत

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. गोव्यातून किंवा कोकणातून घाट चढून आलं की हवा गार लागते, आणि ‘आपल्याकडे थंडच असतं, दोन फॅन पुरे’ असं म्हणत पीसी जोडला जातो. याच शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. इथल्या, खानापूरच्या, निपाणीच्या अनेक घरांतलं कुणीतरी फौजेत असतं. लेहकडे बदली झाली आणि पीसी सोबत न्यायचा ठरला, की तेच दोन फॅन साडेतीन हजार मीटरवर जातात. हिशोबाची रीत दोन्हीकडे एकच, उत्तरं मात्र फार वेगळी येतात.

पहिली पायरी: उंची आणि हवेचा भाग काढा

फोनवरच्या नकाशात किंवा जीपीएस अ‍ॅपमध्ये गावाची उंची मिळते. समुद्रकाठची हवा १०० धरली, तर ७५० मीटरवर ती सुमारे ९३ भरते, १५०० मीटरवर ८६, ३००० वर ७४ आणि ३५०० वर ७०. वेग तोच ठेवला तर फॅन सगळीकडे सारखीच घनफूट हवा ढकलतो, पण त्या हवेचं वजन उंचीवर कमी असतं. उष्णता वाहून नेते ती हवेच्या वजनाच्या हिशोबात, म्हणून सगळा फरक इथेच पडतो. खोली थंड असण्याचा फायदा आहेच, पण विरळपणाचा तोटा त्यात मिसळू नका; तो वेगळाच मोजावा.

दुसरी पायरी: किती हवा लागेल ते मोजा

समुद्रसपाटीसाठी सोपं सूत्र आहे: पीसीचे वॅट गुणिले १.७६, भागिले कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा जितके अंश वर चढलेली चालेल तो आकडा. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत येतं. गेम खेळताना पीसी ४०० वॅट खात असेल आणि हवा १० अंशच वाढू द्यायची असेल, तर साधारण ७० सीएफएम लागतात. याला पहिल्या पायरीतल्या हवेच्या भागाने भागा. बेळगावला ०.९३ ने भागून ७६ येतात, लेहला ०.७० ने भागून १००.

खोक्यावर छापलेला सीएफएम समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. जाळी, धुळीचा फिल्टर, वायरींचा गुंता आला की तो बराच घटतो. मी निम्माच धरतो. म्हणजे आत येणाऱ्या हवेसाठी बेळगावात छापील १५० च्या आसपास आणि लेहला २०० लागतील. पहिल्यासाठी १२० मिलिमीटरचे तीन बरे फॅन पुरतात. दुसऱ्यासाठी १४० चे तीन घ्या.

तिसरी पायरी: दाब आणि वेग तपासा

उंचीवर फॅनचा दाबही त्याच प्रमाणात उतरतो. समोर काच किंवा बंद पॅनेल असलेलं कॅबिनेट बेळगावात कसंबसं चालून जातं, लेहला ते घेऊच नये. समोर पूर्ण जाळी हवी. खोक्यावर ‘स्टॅटिक प्रेशर’, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलायचा दाब, मिलिमीटर पाण्यात दिलेलं असतं. दोन फॅनचा सीएफएम जवळपास सारखा असेल तर ज्याचा दाब जास्त तो घ्या.

वेगाला मोकळीक ठेवा. बेळगावात १००० आरपीएमवर (मिनिटाला इतक्या फेऱ्या) जे काम होतं, त्याला लेहला साधारण १३५० लागतात. बाराशेवर थांबणारा शांत फॅन तिथे हात टेकेल. चार पिनांचा, १८०० च्या पुढे जाणारा फॅन घेतला तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, वेगाची रेषा वर उचलता येते. विरळ हवेत पात्यांना अडथळा कमी, त्यामुळे त्याच व्होल्टेजवर आरपीएम थोडा जास्त दिसू शकतो. तो आकडा पाहून निर्धास्त होऊ नका.

चौथी पायरी: बेळगावकरांनी धूळ आणि ओल पाहावी

इथे राहणाऱ्यांना मी मनापासून सांगेन, उंचीचा सात टक्के फरक तुमचा खरा शत्रू नाही. बेळगाव-खानापूर पट्ट्यातली तांबडी धूळ आणि पावसाळ्यातली ओल जास्त नुकसान करते. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. काढून धुता येणारे फिल्टर घ्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. स्लीव्ह बेअरिंगचे स्वस्त फॅन टाळा, विशेषतः वरच्या बाजूला आडवे बसवायचे असतील तर. फ्लुइड किंवा बॉल बेअरिंगला थोडे पैसे जास्त पडतात, पण ते टिकतात.

पाचवी पायरी: फॅनने न सुटणाऱ्या गोष्टी

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवरचे कूलरही त्याच विरळ हवेत चालतात. पाण्याचा कूलर घेतला तरी त्याच्या रेडिएटरला शेवटी हवाच लागते. म्हणून लेहला ग्राफिक्स कार्डची वीजमर्यादा थोडी खाली आणा. एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) किंवा अडॅप्टरवर २००० मीटरची मर्यादा लिहिली आहे का, तेही बघा. साध्या हार्ड डिस्कचं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि बऱ्याच डिस्कना ३००० मीटरच्या आसपासपर्यंतच परवानगी असते. तिथे एसएसडीच (फिरते भाग नसलेली डिस्क) न्या.

सहावी पायरी: बसवून पाहा

फॅनच्या चौकटीवरचा बाण हवेची दिशा दाखवतो. तरीही उदबत्ती पेटवून समोरच्या जाळीपासून वीतभर लांब धरा: धूर आत ओढला जायला हवा, मागून बाहेर पडायला हवा. मग अर्धा तास जड काम लावा आणि प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करून तो फरक लिहून ठेवा. एप्रिलमध्ये खोली पस्तीस अंशांवर जाते, डिसेंबरमध्ये वीसवर येते, म्हणून नुसतं तापमान लिहून उपयोग नाही. लेहला पोचल्यावर हीच चाचणी पुन्हा करा. फरक वाढलेला दिसेल, त्या प्रमाणात फॅनचा वेग चढवा. पीसी गारठलेला असेल तर गरम खोलीत आणल्या आणल्या चालू करू नका, आत दव धरतं. काही तास तसाच ठेवा. त्याच मापाचा एक जादा फॅनही सामानात टाका, हिवाळ्यात बर्फाने वाट अडली की तिथे सुटे भाग मागवणं कठीण होतं.